आठ महिने, एक ई-रीडर आणि एकवीस कादंबऱ्या

गेल्या दिवाळीत घेतलेला सहा इंची ई-इंक रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, आठ महिने रोज माझ्या पर्समध्ये असायचा. डोंबिवली ते सीएसएमटी जाताना सव्वा तास, येताना तेवढाच. एवढ्या काळात त्यावर एकवीस इंग्रजी कादंबऱ्या झाल्या: नऊ रहस्यकथा, सात प्रेमकथा, पाच फँटसी. बहुतेक सगळ्या २०२० पासूनच्या. मराठी पुस्तकंही वाचली, त्यांचा अनुभव निराळा आहे, तो पुढे लिहिते.

रीडर घेतल्यावर आठवडाभरात लिहिलेले अभिप्राय पुष्कळ वाचायला मिळतात. स्क्रीन छान, बॅटरी टिकते, वजन कमी. हे सगळं खरंच आहे. पण एकच यंत्र रहस्यकथेला एक वागणूक देतं, प्रेमकथेला दुसरी आणि फँटसीला तिसरी, हे कळायला मला चार-पाच महिने लागले. त्याबद्दल कुठे वाचलं नव्हतं म्हणून लिहायला बसले.

आधी यंत्राचं थोडक्यात. पडद्याच्या आत बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे विद्युतभारित कण. पान उलटलं की कण वर-खाली होतात आणि मग तिथेच थांबतात. वीज मुख्यतः पान बदलताना आणि दिव्यासाठी लागते. रोज अडीच तास वाचून, दिवा मध्यम ठेवून, मला बारा-तेरा दिवसांनी चार्ज करावं लागतं. प्लॅटफॉर्मवर भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं. आधीच्या पानाची पुसट सावली मागे राहायची, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक पानाला पडदा पूर्ण ताजा करायचा पर्याय चालू केला. बॅटरी थोडी जास्त जाते, पण डोळ्यांना बरं वाटतं. गर्दीत एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता येतं, हे मला सगळ्यात मोलाचं. जाडजूड पुस्तक घेऊन हे कधीच जमलं नव्हतं.

आता टक्क्यांबद्दल. पानाच्या खाली कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं ते दिसतं. पहिले दोन महिने मला ते आवडायचं. मग प्रेमकथा वाचायला लागले आणि त्या आकड्याने माझा रस घालवायला सुरुवात केली. हल्लीच्या प्रेमकथेत दोघांचं बिनसण्याची जागा जवळजवळ ठरलेली असते. मी वाचलेल्या सातपैकी पाचांत ती ७५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये आली. एमिली हेन्रीची ‘बीच रीड’ (२०२०) वाचताना सत्तरी ओलांडली आणि मी भांडणाची वाटच बघायला लागले. दोघं तळ्याकाठी बसून मोकळेपणाने बोलत होती आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या आकड्याकडे.

याचं मला वाईट वाटलं, कारण पुस्तक मनापासून लिहिलेलं आहे. जॅन्युअरी प्रेमकथा लिहिणारी लेखिका. वडील गेल्यावर तिला कळतं की त्यांचं दुसऱ्या एका बाईशी नातं होतं, आणि मिशिगनमधलं ते तळ्याजवळचं घर आता तिच्या वाट्याला आलंय. शेजारी राहतो तो गंभीर कादंबऱ्या लिहिणारा तिचा कॉलेजातला प्रतिस्पर्धी, आणि दोघं पैज लावतात की या उन्हाळ्यात एकमेकांच्या प्रकारचं पुस्तक लिहायचं. वडिलांनी तिच्यासाठी ठेवलेलं पत्र ती कितीतरी दिवस फोडत नाही. बंद पाकीट घेऊन वावरणारी ती बाई मला प्रेमप्रकरणापेक्षा जास्त जवळची वाटली. ते वाचताना मी टक्के मोजत होते ही त्या पुस्तकाची चूक नाही.

त्या दिवसापासून आकडा बंद केला. पानाच्या तळाशी बोट ठेवलं की टक्के, प्रकरणाला उरलेली मिनिटं आणि काहीच नाही असे पर्याय आळीपाळीने येतात. मी ‘काहीच नाही’ वर ठेवलंय. नंतर त्याच लेखिकेची ‘बुक लव्हर्स’ (२०२२) वाचली आणि ताटातुटीच्या प्रसंगाने मला खरोखर गाठलं. नोरा लेखकांचे हक्क सांभाळणारी एजंट आहे, कामात पक्की. गावाकडच्या साध्या मुलीसाठी नायक शेवटी ज्या शहरी बाईला सोडून जातो, तशी ती इतरांच्या गोष्टींतली सोडून दिलेली बाई. इथे तिलाच नायिका केलंय. धाकट्या बहिणीसाठी ती ज्या खस्ता खाते त्या वाचताना मी कुर्ल्याला आले तरी मान वर केली नव्हती.

प्रेमकथांना रीडरने आणखी एक गोष्ट दिली. मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही. लेडीज डब्यात शेजारच्या मैत्रिणी वाकून पुस्तकाचं नाव बघतात, प्रेमाने विचारतात, त्यात काही वावगं नाही. पण ऑफिसच्या लंच टेबलवर प्रेमकथा हातात असली की लोक वाचणाऱ्या बाईबद्दल जी मतं बनवतात ती मी वीस वर्षं सोसली आहेत. आता मला हवं ते वाचते.

रहस्यकथेत आकडा झाकण्याचा फायदा दुप्पट. कागदी पुस्तकात उजव्या हाताखाली उरलेली पानं कळतात. साठ पानं शिल्लक असताना गुन्हेगार सापडला तर तो खरा नव्हे, हे आपण न वाचताच ओळखतो. टक्के झाकले की ही खूण जाते आणि खोटा उलगडा खरा वाटू लागतो. उलट टक्के दिसत असतील तर दुसरी फसगत होते: शेवटी पुढच्या पुस्तकाची नमुना प्रकरणं जोडलेली असतात, त्यामुळे गोष्ट ९१ टक्क्यांवरच संपते. माझी एक रहस्यकथा अशी अचानक संपली तेव्हा मी आणखी एका वळणाची वाट बघत होते.

दुसरी सेटिंग तातडीने बंद करावी अशी: ‘इतर वाचकांनी अधोरेखित केलेली वाक्यं’. प्रेमकथेत ती चालतील. रहस्यकथेत एखाद्या साध्या वाक्याखाली तुटक रेघ दिसली की समजायचं, पुढे हे महत्त्वाचं ठरणार. लेखकाने जो धागा गर्दीत लपवला तो परक्या माणसांनी उघडा केलेला असतो. पहिल्या दोन रहस्यकथा माझ्या अशा वाया गेल्या.

शब्दशोध मात्र रहस्यकथेसाठी वरदान. जॅनिस हॅलेटची ‘द अपील’ (२०२१) जवळजवळ पूर्णपणे ईमेल, मेसेज आणि चिठ्ठ्यांतून सांगितली आहे. एक हौशी नाटकमंडळी आर्थर मिलरचं ‘ऑल माय सन्स’ बसवतेय, मंडळी चालवणाऱ्या कुटुंबातली लहानगी आजारी, तिच्या उपचारासाठी पैसे गोळा होतायत, आणि कायद्याचे दोन तरुण विद्यार्थी हे सगळे कागद चाळून काय घडलं ते शोधतायत. पात्रं ढीगभर. कागदावर असतं तर मी मागे-पुढे पानं उलटून थकले असते. इथे एकेक नाव टाकून शोधलं की त्या माणसाचे सगळे उल्लेख रांगेत येतात. कोण कुणाला गोड लिहितं आणि त्याच दिवशी तिसऱ्याला काय लिहितं हे शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. गिरगाव, डोंबिवली, पुणे, कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेत वावरलेल्या माणसाला त्यातली भूमिकावाटपाची धुसफूस ओळखीची वाटेल. या वर्षात मला सर्वांत आवडलेली रहस्यकथा हीच.

रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) लोकलसाठी उत्तम, कारण प्रकरणं आखूड. वृद्धनिवासातले चौघं दर गुरुवारी जुन्या, न उलगडलेल्या खुनांच्या फायली काढून बसतात आणि मग खरा खून होतो. रहस्य म्हणून मला ती मध्यम वाटली, योगायोग जरा जास्त आहेत. पण एलिझाबेथ तिच्या मैत्रिणीच्या, बेशुद्ध पडून असलेल्या पेनीच्या, खाटेजवळ बसून तिला तपास सांगते ती पानं मी दोनदा वाचली. पेनी पोलिसात होती, फायली तिच्याच. जी ऐकू शकते की नाही ते माहीत नाही तिच्याशी कामाचंच बोलणं, ही माया मी माझ्या घरात पाहिलेली आहे.

फँटसीशी या यंत्राचं जमत नाही. मोठ्या फँटसीत पहिल्या पानावर नकाशा असतो आणि सहा इंची करड्या पडद्यावर तो म्हणजे मुंग्यांची रांग. मोठा करायला गेलं तर अक्षरं फुटतात, आणि वाचता वाचता नकाशाकडे जाऊन परत यायला चार टिचक्या. कागदावर तिथे नुसतं बोट अडकवून ठेवता येतं. रेबेका यारॉसची ‘फोर्थ विंग’ (२०२३) मी नकाशाचा विचार न करता वाचली आणि काही अडलं नाही, कारण तिचा जीव प्रेमकथेत आहे, भूगोलात नाही. सुरुवात जबरदस्त. पुस्तकांत रमणाऱ्या नाजूक सांध्यांच्या मुलीला सेनापती आई ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात ढकलते आणि पहिल्याच दिवशी अरुंद दगडी कठड्यावरून दरी ओलांडायची, पडला तो मेला. जिन्यात भेटलेल्या अनोळखी मुलीचा बूट गुळगुळीत तळाचा नको म्हणून ती आपला एक बूट तिला देते नि तिचा एक स्वतः घालते. त्या एका बुटात मैत्री जशी उभी राहते तशी नंतरच्या शेकडो पानांत कुठली गोष्ट उभी राहत नाही, असं माझं मत. मधला भाग लांबला आहे.

सुझाना क्लार्कची ‘पिरानेसी’ (२०२०) मात्र वेगळ्याच उंचीची. अंत नसलेलं एक घर, दालनामागून दालनं, हजारो पुतळे, खालच्या मजल्यांत भरती-ओहोटी, आणि त्यात एकटा राहून रोजनिशी लिहिणारा माणूस. २०२१ चा विमेन्स प्राइझ हा इंग्रजी कादंबरीचा पुरस्कार तिला मिळाला. आकाराने लहान आणि नकाशाची गरज नाही, म्हणून रीडरवर सुरेख वाचली जाते. त्यात ‘घर’, ‘दालन’, ‘पुतळा’ हे शब्द इंग्रजीत पहिलं अक्षर कॅपिटल करून लिहिलेत, जणू देवाची नावं. मी कितीतरी दिवस विचार करत होते की मराठीत हे कसं आणायचं. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. पण आपण ‘गंगामाई’ म्हणतो, ‘वास्तुपुरुष’ म्हणतो, घर ‘तथास्तु’ म्हणतं असं मानतो. कुणी ताकदीच्या अनुवादकाने हात घातला तर मराठीत ते घर इंग्रजीपेक्षा जास्त जिवंत होईल असं मला मनापासून वाटतं.

आता मराठी. आई बहात्तर वर्षांची, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली. लहानपणी तिने वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड आणून रात्रभर वाचलाय, पुढे नारायण धारपांचा समर्थ. तिच्यासाठी एक जुनी रहस्यकथा ई-बुक म्हणून विकत घेतली. उघडली तर ती स्कॅन केलेली पीडीएफ. “अगं, हे अक्षर मोठं होत नाही का?” आईने विचारलं. होत नव्हतं. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. चौथ्या पानावर तिने रीडर खाली ठेवला.

दुसरं पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे फोटो नव्हे तर टंकलेल्या अक्षरांत होतं, अक्षर मोठंही होत होतं, पण जिथे ‘ऱ्य’ तिथे चौकोन. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘अंधाऱ्या’, सगळीकडे भोक. रहस्यकथेत अंधाऱ्या पायऱ्या किती येतात ते सांगायला नको. विक्रेत्याला कळवलं, पैसे परत आले, पुस्तक दुरुस्त झालं नाही. तिसऱ्याचं टंकन मात्र नीट होतं. आईने अक्षर इतकं मोठं ठेवलं की पानावर जेमतेम नऊ ओळी मावायच्या, आणि पाच दिवसांत ते संपवलं. दीड वर्षात तिने वाचलेलं ते पहिलं अख्खं पुस्तक. म्हणून प्रकाशकांना कळकळीने सांगते, जुन्या रहस्यकथांचे फोटो काढून विकू नका, नव्याने टंकलेखन करून, मुद्रितं तपासून द्या. पुस्तक हातात धरवत नाही पण वाचायचं आहे, अशी माणसं घरोघरी आहेत.

मराठी शब्दांचा कोश माझ्या रीडरवर नाही. इंग्रजी शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो, मराठीत तसं होत नाही. देवनागरीचा टंकही एकच, आणि दोन्ही कडा सरळ ठेवल्या की शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. ओळी डावीकडे लावून घेतल्या की निभावतं.

सध्या रीडर आईकडेच असतो, मी रविवारी मागून घेते. दुसरा घेणार आहे, या वेळी बाजूला पान उलटायची बटणं असलेला, कारण पावसाळ्यात ओल्या बोटाने टच चालत नाही आणि जुलैत मी दोनदा न वाचताच तीन-तीन पानं पुढे गेले. फँटसी मात्र मी यापुढे कागदावरच घेईन.