टी-ऑफच्या आधीची वीस मिनिटं: ताणावं, हलावं, की बादलीभर चेंडू मारावेत?

मडगावहून काणकोणला जाताना करमल घाट उतरेपर्यंत गाडीत बसून पाठीची फळी झालेली असते. राजबागच्या गोल्फ कोर्सवर गाडी लावायची, बूट बदलायचे, पिशवी उतरवायची, की घड्याळात सात वाजून दहा मिनिटं. टी-ऑफ, म्हणजे फेरीचा पहिला फटका, साडेसातला. हातात उरतात ती वीस मिनिटं कशी घालवायची, यावर आमच्या चौकडीचं इतक्या वर्षांत एकमत झालेलं नाही. एक जण थेट टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, जाऊन हवेत काठी फिरवत चार स्विंग मारतो आणि 'झालो तयार' म्हणतो. दुसरा गाडीच्या बंपरवर टाच टेकवून मांडीमागची शीर ताणत राहतो. तिसऱ्याला बादलीभर चेंडू मारल्याशिवाय चैन पडत नाही. आणि पन्नाशी ओलांडल्यापासून मी दहा मिनिटं नुसता चालत, वळत, वाकत असतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, याची किल्ली हरवली आहे.

नुकताच खेळायला लागलेला माझा मेव्हणा परवा डिचोलीहून फोनवर म्हणाला, "भावोजी, चौघं चार तऱ्हा करता. मी कोणाचं बघून शिकू?" फोनवर मी काहीबाही सांगितलं. आता नीट सांगतो.

पहिल्या मित्राची पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे, आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1040 गोल्फरांना खेळाआधी न्याहाळून 2001 साली निष्कर्ष छापले. निम्म्याहून थोडे जास्त लोक काहीतरी वॉर्म-अप करत होते, आणि त्यांच्यातले बहुतेक जण टीवर उभं राहून हवेत स्विंग मारत होते, बस. या पद्धतीची बाजू अशी की तिला वेळ लागत नाही, जागा लागत नाही, कोणी हसत नाही. लय सापडते, हातांना काठीचं वजन कळतं. पण तासभर गाडीत दुमडून ठेवलेले खुबे चार स्विंगांनी उलगडत नाहीत. खुबे वळले नाहीत की वळण्याचा सगळा भार कंबरेवर येतो, आणि कंबरेचे मणके मुळातच फार वळण्यासाठी नसतात. ते काम खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. गोल्फरांची नेहमीची तक्रार कंबरेची आहे ती काही उगाच नाही.

मी स्वतः एका डिसेंबरात गाडीतून उतरलो तो थेट पहिल्या टीवर गेलो होतो. उशीर माझाच. चेंडू कुठे गेला ते विचारू नका. तिसऱ्या होलला, म्हणजे तिसऱ्या भोकापर्यंतच्या टप्प्यात, पाठीत चमक भरली आणि उरलेली फेरी मी कॅडीच्या मागून चालत पूर्ण केली. तो दर दहा पावलांनी वळून म्हणायचा, "सवकास, बाब."

हवेतलेच स्विंग मारायचे असतील तर निदान दोन गोष्टी करा. अर्ध्या स्विंगपासून सुरुवात करून हळूहळू पूर्ण स्विंगवर या, आणि तेवढेच स्विंग उलट्या बाजूनेही मारा. डावखुऱ्यासारखं उभं राहताना सुरुवातीला लाज वाटते. तिसऱ्या दिवशी वाटत नाही.

दुसऱ्या मित्राशी माझं खरं भांडण आहे, कारण तो शिस्तीचा माणूस आहे आणि चुकीच्या गोष्टीत शिस्त पाळतो. शाळेत पीटीच्या तासाला आपल्याला शिकवलं तेच तो करतो: पायाच्या अंगठ्याला हात, दहापर्यंत मोजणं, पुन्हा एकदा. आता माहीत आहे ते असं की स्नायू एकाच स्थितीत बराच वेळ ताणून धरला तर त्याची झटक्यात जोर लावायची ताकद काही काळ कमी होते. गोल्फचा स्विंग म्हणजे निव्वळ झटकाच. वरून खाली येताना काठीला जेमतेम पाव सेकंद लागतो. 2009 साली यावर दोन वेगवेगळे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात स्थिर ताण दिल्यावर काठीच्या डोक्याचा वेग आणि अचूकता दोन्ही घटलेली दिसली. दुसऱ्यात हलत्या ताणाचे व्यायाम स्थिर ताणापेक्षा सरस ठरले.

त्यात सकाळची वेळ. रात्रभर आडवं झोपल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यावर पहिला तासभर पुढे खोल वाकलं तर त्यांच्यावर नेहमीपेक्षा जास्त ताण येतो. सहाला उठून सातला बंपरसमोर वाकणं म्हणजे नको त्या वेळी नको ते. हे ताण वाईट नाहीत, त्यांची वेळ संध्याकाळची. फेरी संपल्यावर, घरी आल्यावर, जेवणाआधी खुशाल ताणा. आणि फिजिओथेरपिस्टने तुमच्या दुखण्यासाठी काही नेमून दिलं असेल तर तो प्रश्न वेगळा. तिथे माझं नाही, त्यांचं ऐका.

बादलीभर चेंडूंची पद्धत खेळाच्या सर्वांत जवळची. काठी, चेंडू, आवाज, सगळं खरं. आज चेंडू उजवीकडे जातोय की डावीकडे हे कळतं, आणि तेवढं कळलं तरी पहिल्या टीवर निशाणा थोडा सरकवता येतो. अडचण अशी की माणूस एवढ्यावर थांबत नाही. आमचा मित्र दहाव्या चेंडूला चूक शोधतो, विसाव्याला ती दुरुस्त करतो, चाळिसाव्याला दुसरी चूक तयार करतो. मार्च-एप्रिलच्या दमट हवेत साठ चेंडू मारून तो टीवर येतो तेव्हा हातमोजा पिळून काढावा इतका ओला आणि खांदे आधीच उतरलेले. रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या मैदानावर, जायचंच तर वीस-पंचवीस चेंडू पुरेत: सुरुवात वेजने (जवळच्या फटक्यांची काठी), मग मधला आयर्न (मधल्या पल्ल्याची काठी), आणि शेवटचे तीन-चार चेंडू त्याच काठीने, जी पहिल्या टीवर हातात घेणार आहात. दुसरा कोरडा हातमोजा आणि छोटा पंचा पिशवीत असू द्या. रेंज त्या दिवशी चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा.

स्पर्धा असेल तर नियमही बघावा लागतो. स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजायचा खेळ) असेल त्या दिवशी फेरीआधी कोर्सवर सराव करता येत नाही. पहिल्या टीवर किंवा तिच्या आसपास पटिंग-चिपिंग (चेंडू भोकाकडे लोटणं आणि जवळून हलकेच उचलून मारणं) आणि सरावासाठी राखलेली जागा, एवढीच मोकळीक. एकदा चुकलात तर पहिल्या होलवर दोन स्ट्रोकचा दंड, पुन्हा चुकलात तर बाद. मॅच प्लेला (एकेक होल जिंकायचा-हरायचा खेळ) ही बंदी नाही. हवेतल्या स्विंगला मात्र कुठेच आडकाठी नाही, कारण त्यात चेंडू मारण्याचा हेतूच नसतो.

आता माझी किल्ली हरवल्याची पद्धत. तिच्यासाठी दहा मिनिटं लागतात.

पहिली दोन मिनिटं भरभर चालणं, वाहनतळापासून पटिंग ग्रीनपर्यंत आणि परत. मग ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची काठी, जमिनीत रोवून, त्याला धरून एकेक पाय पुढे-मागे झुलवायचा, दहा-दहा वेळा. मग आडवा, शरीरासमोरून. इथे खुबे बोलायला लागतात, कधी कधी मोठ्याने. त्यानंतर खुर्चीवर बसल्यासारखं अर्धवट बसायचं आणि उठायचं, दहा वेळा. मग काठी खांद्यांवर आडवी, गुडघे किंचित वाकवलेले, आणि कंबर शक्य तितकी स्थिर ठेवून छाती उजवीकडे, डावीकडे. ही हालचाल सर्वांत महत्त्वाची, म्हणून घाई करायची नाही. पहिल्या वळणात जिथवर जाता त्यापेक्षा दहाव्या वळणात थोडं पुढे जायला हवं. मग एक पाय बाजूला टाकून त्यावर झुकणं, हात वर्तुळात फिरवणं, मनगटं. शेवटी आठ-दहा स्विंग, पहिला निम्म्या जोरात, शेवटचा खेळातल्या जोरात. शेवटचा स्विंग पूर्ण वेगाचा नसेल तर पहिल्या टीवरचा तो पहिला ठरतो, आणि मग एवढं करून काय उपयोग!

लोक हसतात, हसू द्या. स्पेनचा मिगेल आन्हेल हिमेनेझ खेळाआधी गुडघे आणि कंबर गोलगोल फिरवतो, त्यावर जगभर लोक हसले. त्याच माणसाने 2014 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, स्पॅनिश ओपन जिंकली आणि युरोपियन टूरवरचा सर्वांत वयस्कर विजेता झाला.

2004 सालच्या एका अभ्यासात सात आठवडे गोल्फसाठी बेतलेला वॉर्म-अप करणाऱ्यांच्या काठीचा वेग 24 टक्क्यांनी वाढला होता. खेळाडू जेमतेम वीस, त्यातले निम्मेच व्यायाम करणारे, त्यामुळे त्या आकड्यावर पैज लावू नका. दिशा मात्र बाकीच्या अभ्यासांशी जुळते.

गोव्यात या पद्धतीला विरोध होतो तो एकाच वाक्याने: "अरे, इथे आधीच घाम फुटलाय, आणखी गरम काय व्हायचं?" घाम कातडी थंड करायला येतो. सांध्यात वंगण फिरतंय की नाही, स्नायू जागा झालाय की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. वातानुकूलित गाडीतून उतरून पाच मिनिटांत भिजलेला माणूस आतून तितकाच आखडलेला असतो. उलट उन्हाळ्यात हे सगळं सावलीत करा, आणि मधे दोन घोट पाणी प्या.

कोणती पद्धत घ्यावी हे कोर्सवरही ठरतं. काणकोणला नऊच होल, पण प्रत्येक होलला टी दुहेरी असल्याने अठरांचा खेळ होतो आणि ड्रायव्हर पिशवीतून काढावा लागतो. तिथे माझी दहा मिनिटं आणि वेळ उरला तर दहा-बारा चेंडू. वार्क्याचा नऊ होलांचा किंवा मोबोरचा, साळ नदीच्या मुखाकडचा, बारा होलांचा कोर्स छोटा. तिथे ड्रायव्हर गाडीतच राहिला तरी चालतं, पहिला फटका बहुधा छोट्या आयर्नचा किंवा वेजचा. अशा ठिकाणी शरीराला पाच-सहा मिनिटं पुरतात आणि उरलेला वेळ पटिंग ग्रीनवर घालवणं फायद्याचं. चेंडू भोकात पाडायच्या मागे लागू नका. लांबून, वेगवेगळ्या अंतरांवरून सात-आठ पट मारा, फक्त ग्रीनचा वेग कळण्यापुरते. सकाळचं दव उतरलेलं नसेल तर ग्रीन संथ वाटेल. तिसऱ्या-चौथ्या होलपर्यंत ते सुकतं, हा हिशेब मनात असू द्या.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. सर आली, छपराखाली अर्धा तास चहा-भजी झाली, आणि मग सगळे उठून थेट टीवर. अंग तोवर पुन्हा थंड पडलेलं असतं. छपराखालीच पाय झुलवणं आणि छाती वळवणं उरकून घ्यायचं. विजा चमकत असतील तर टीवर जायचंच नाही.

मेव्हण्याने शेवटी विचारलंच, "आणि भावोजी, पाचच मिनिटं असली तर?" त्याला यायचं आहे डिचोलीहून, वार्क्याला, रविवारी सकाळी. पाच मिनिटं असणार हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हटलं, पाय झुलवायचे, खांद्यावर काठी घेऊन वळायचं, उरलेल्या मिनिटात उलटसुलट स्विंग. पट, चेंडू, ताण, काही नाही. आणि वाटेत फोंड्याला चहाला थांबशील तेव्हा कप हातात घेऊन गाडीत परत बसू नकोस, उभ्यानेच पी, दोन फेऱ्या मार.

"कपासकट?" तो म्हणाला.

कपासकट.