नमपाय: हिशेबाला चोख, पण अक्षांचा अर्थ आपणच सांभाळायचा

निफाडला थंडी उतरली की द्राक्षबागेत मण्यांच्या फुगवणीची काळजी सुरू होते. कुठल्या तालुक्यात, कुठल्या दिवशी, किती तास पारा १० अंशांखाली होता? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या साध्या लिस्टने (यादीने) हे काढायचं तर एकात एक तीन लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या फेऱ्या, लागतात. नमपाय (NumPy) या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत एक ओळ पुरते.

नाशिक जिल्ह्याचे १५ तालुके, ३६५ दिवस, २४ तास असा त्रिमितीय ॲरे, म्हणजे तीन दिशांचा आकड्यांचा तक्ता, घ्या; प्रत्येक दिशा म्हणजे एक अक्ष. आकडे १,३१,४००. फ्लोट६४ या दशांश आकड्यांच्या प्रकारात प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे जेमतेम १ एमबी. ‘१० पेक्षा कमी’ ही तुलना करून अक्ष २ वर बेरीज घेतली (अक्ष शून्यापासून मोजतात) की १५ × ३६५ चा तक्ता तयार. सगळे आकडे एकाच प्रकारचे, मेमरीत सलग, आणि लूप आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये फिरतो. वेग येतो तो त्यामुळे.

मात्र याच ओळीत एक सापळा आहे. सेन्सर बंद असलेल्या तासांच्या जागी नॅन (NaN, ‘आकडा नाही’ अशी खूण) असेल, तर ‘नॅन १० पेक्षा कमी आहे का’ याचं उत्तर ‘नाही’ येतं. तो तास गुपचूप उबदार ठरतो. म्हणून आधी इझनॅन (isnan) या फंक्शनने रिकामे तास मोजा. सरासरीत निदान हे लपत नाही: एक नॅन असला तरी उत्तर नॅन येतं, मग नॅन वगळून सरासरी काढणारं नॅनमीन (nanmean) वापरावं लागतं.

ब्रॉडकास्टिंग, म्हणजे वेगवेगळ्या आकारांच्या ॲरेंची आपोआप जुळणी, हे नमपायचं सगळ्यात देखणं अंग, आणि सगळ्यात धोक्याचंही. आकार उजवीकडून जुळवले जातात. तालुकावार सरासरीचे १५ आकडे मूळ ॲरेतून थेट वजा केले तर शेवटच्या २४ शी जुळत नाहीत आणि एरर येतो. हे बरंच म्हणायचं. तालुक्यांऐवजी २४ केंद्रं असती, तर केंद्रांची सरासरी तासांमधून वजा झाली असती आणि कुठेही एरर आला नसता. सरासरी काढतानाच कीपडिम्स ट्रू (keepdims=True) ठेवा. आकार १५ × १ × १ राहतो आणि वजाबाकी योग्य अक्षावर होते.

अक्षांची अदलाबदल करायला रीशेप वापरू नका. तो आकडे त्याच क्रमाने नव्या चौकटीत भरतो, त्यामुळे दिंडोरीचे तास सिन्नरच्या रांगेत जातात. त्यासाठी ट्रान्सपोज आहे. स्लाइस, म्हणजे ॲरेचा कापून घेतलेला भाग, ही प्रत नव्हे, त्याच मेमरीवरची दुसरी खिडकी. त्यात बदल केला की मूळ ॲरेही बदलतो. वेगळी प्रत हवी तर कॉपी म्हणा.

मुक्त स्रोत, फुकट. २०२४ मध्ये आलेल्या नमपायच्या २.० आवृत्तीनंतर १.x वर कंपाइल केलेली जुनी पॅकेजेस अडतात. ती अपडेट होईपर्यंत नमपाय २ च्या खालीच ठेवा.

५ पैकी ४. एक गुण अक्षांना नावं नसल्याबद्दल कापला. चौथी मिती, म्हणजे वर्षं, जोडायची असतील तर नमपायच्या जोडीला एक्सअरे (xarray) ही अक्षांना नावं देणारी लायब्ररी घ्या. तिथे ‘अक्ष २’ ऐवजी सरळ ‘तास’ लिहिता येतं.