सायटेशनवरची ‘अ‍ॅटलस’ विंगलेट: बचत खरी, पण घेण्याआधी मागची कड तपासा

सेस्ना सायटेशन ५२५ मालिकेतल्या सीजे, सीजे२, सीजे३ अशा छोट्या जेटवर टॅमरॅक एरोस्पेसची अ‍ॅटलस विंगलेट (पंखाच्या टोकाला उभा छोटा पंख) बसवली की विमान कमी इंधनात लांबचा पल्ला गाठतं, यात वाद नाही. कंपनी ३३ टक्क्यांपर्यंत बचत सांगते. तो आकडा कमाल आहे, रोजच्या खर्चाचा हिशोब त्यावर मांडू नका. खरा फरक चढताना कळतो: उष्ण दिवशी, भरलेल्या टाक्यांनिशी, जिथे जुनी सीजे वर जाताना रेंगाळते तिथे ही बरीच सरळ चढते.

पण या वस्तूचं मोल ती चालते कशी यापेक्षा बिघडते कशी यावर ठरवायला हवं.

पंख लांबवला आणि टोकाला विंगलेट उभी केली की पंखाच्या मुळाशी वाकवणारा भार वाढतो. नेहमीचा उपाय म्हणजे आतला सांगाडा मजबूत करणं, म्हणजेच वजन वाढवणं. अ‍ॅटलसने ते टाळलं. वाढीव भागात मागच्या कडेला एक छोटा फ्लॅप आहे, कागदपत्रांत त्याला टीएसीएस म्हणतात. वाऱ्याचा झोत आला किंवा विमानाचं नाक जोरात वर खेचलं की सेन्सर ते ओळखतो आणि दोन्ही बाजूंचे फ्लॅप एकाच वेळी वर उचलून टोकाकडचा भार उतरवतो. वैमानिकाच्या हातातल्या एलरॉनशी, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या झडपांशी, त्यांचा काही संबंध नाही. प्रत्येक पंखात स्वतंत्र मोटर आणि नियंत्रण युनिट आहे.

म्हणजे एकच बाजू उचलली गेली तर? विमान त्या बाजूला लोळतं. एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या बोर्नमथजवळ एक सीजे अशीच डावीकडे सुमारे ७५ अंश कलली. डाव्या युनिटमध्ये एक स्क्रू सैल झाला होता. वैमानिकाने विमान सुखरूप उतरवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात सीजे२ कोसळून तिघांचा जीव गेला. अमेरिकी तपास यंत्रणेने आधी डाव्या बाजूचा फ्लॅप एकतर्फी उघडल्याचं कारण दिलं, तो का उघडला ते मात्र ठरलं नाही. कंपनीला तो निष्कर्ष मान्य नव्हता, आणि पुढे यंत्रणेने तो बदलून विमान का लोळलं ते ठरवता येत नाही असं म्हटलं. २०१९ च्या वसंतात युरोप आणि अमेरिका दोन्हीकडून निर्देश निघाले आणि ही विमानं काही काळ जमिनीवर राहिली.

त्यानंतरची दुरुस्ती मला मनापासून पटते, कारण तिला वीज लागत नाही. फ्लॅपच्या मागच्या कडेला पट्ट्या बसवल्या. मोटरचा जोर गेला की वाऱ्याचा दाबच फ्लॅपला सरळ रेषेत आणतो. हे मुळातच असायला हवं होतं.

जुनं विमान विकत घेताना या दुरुस्तीची नोंद तारीख आणि सहीसकट लॉगबुकात बघा, नसेल तर सौदा थांबवा. मग पंखाच्या मागे उभं राहून कडेची रेषा न्याहाळा, फ्लॅप पंखाशी सलग हवा. पट्टीवरून बोट फिरवा. सुटलेली कड डोळ्याआधी बोटाला कळते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पंखांचा पसारा वाढतो, म्हणून हँगरचं दारही मोजून घ्या.

हवेत अ‍ॅटलस इनऑपचा (यंत्रणा बंद पडल्याचा) दिवा लागला किंवा विमान अचानक लोळलं, तर पहिलं काम वेग तोडणं: थ्रॉटल आयडल (इंजिनाचा जोर किमान), स्पीडब्रेक (वेग मारणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या) बाहेर, हाताने कल सरळ, आणि वेग विमानाच्या पुस्तिकेच्या सप्लिमेंटमध्ये, म्हणजे पुरवणीत, दिलेल्या मर्यादेखाली. बल वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे २५० नॉटवरून १७५ वर आलात की फ्लॅपची ओढ जवळपास निम्मी होते. ऑटोपायलटच्या भरवशावर राहू नका, तो एलरॉन वळवत राहून बिघाड झाकतो आणि हात टेकले की सोडून देतो.

सर्किट ब्रेकर कुठे आहे हेही अंधारात हाताला कळायला हवं, आणि ते फक्त अ‍ॅटलसपुरतं नाही. जुलै २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्हमध्ये एक सीजे पाण्यात उतरवावी लागली, पिच ट्रिम (नाकाचा वर-खाली कल धरून ठेवणारी यंत्रणा) आपोआप पळत सुटल्यामुळे. ट्रिमच्या बोर्डावरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटला की वैमानिकाच्या सुकाणूवरचं बटण दाबून उपयोग होत नाही, ब्रेकरच ओढावा लागतो. त्यावर रंगीत कॉलर चढवून घ्या.

पट्ट्या असलेली अ‍ॅटलस: घ्या. नसलेली: किंमत कितीही उतरवून दिली तरी नको.