कार्यशाळा, व्याख्यान की मेळावा : वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तेव्हा

विद्यापीठाच्या आगामी कार्यक्रमांच्या यादीत विषय ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि प्रकार बारीक अक्षरांत. निवड करताना बहुतेक जण ठळक अक्षरंच वाचतात आणि चुकतात. ‘डेटा विश्लेषण’ या एकाच विषयावर एक व्याख्यान, दोन दिवसांची कार्यशाळा आणि सुट्टीच्या दिवशी खुला मेळावा, हे सगळं एकाच पंधरवड्यात असू शकतं. व्याख्यान ऐकून कोड लिहिता येत नाही. कार्यशाळेत दोन दिवस बसून त्या क्षेत्रात सध्या वाद कशावरून चालू आहे ते कळत नाही. मेळाव्यात तर शिकवायला बहुधा कोणी नसतंच. तिथं आपलं अडलेलं काम घेऊन जायचं असतं. म्हणून आधी प्रकार बघावा, मग विषय.

कार्यशाळा: नाव सोडा, वेळ आणि मदतनीस मोजा

‘कार्यशाळा’ हा शब्द हल्ली कशालाही लावतात. तासाभराच्या कार्यशाळेचा हिशोब मांडून पाहा: जागेवर बसून वाय-फायला जोडून घेण्यात दहा मिनिटं, प्रास्ताविकात दहा, शेवटी प्रश्नांना दहा. उरलेल्या अर्ध्या तासात फार तर दोन छोटे सराव होतात. हे खरं तर व्याख्यानच, फक्त लॅपटॉप उघडे ठेवून ऐकलेलं. तासाभराचा कार्यक्रम निवडायचाच असेल, तर सरळ व्याख्यान निवडावं. हाताला वळण लागायला निदान अर्धा दिवस हवा.

संशोधकांना संगणकाची कौशल्यं शिकवणारी ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये सुरू केली. तिच्या कार्यशाळा साधारण दोन दिवसांच्या असतात. शिकवणारा तयार स्लाइड दाखवत नाही. सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करतो आणि सहभागी त्याच्याबरोबर टाइप करतात. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या दिलेल्या असतात. काम झालं की एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर लावायचा, अडलं की दुसरा. हात वर करून ‘मला जमत नाही’ असं सांगायला माणूस कचरतो, चिठ्ठी लावायला कचरत नाही. शिवाय मदतीची वाट पाहताना दोन्ही हात कीबोर्डवर राहतात. सूचनेत अशा पद्धतीचा उल्लेख दिसला तर कार्यशाळा अनुभवी माणसांनी आखली आहे असं समजायला हरकत नाही.

मदतनिसांची संख्या विचारण्यामागे साधं गणित आहे. तीस सहभागी आहेत, प्रत्येक जण तासात एकदाच अडला आणि प्रत्येकाला चार मिनिटं द्यावी लागली, तरी १२० मिनिटांची मदत लागते. म्हणजे दोन मदतनीस पूर्ण तास श्वास न घेता फिरले तरच पुरे. शिकवणारा एकटाच असेल तर दोनच गोष्टी होतात: तो अडलेल्यांसाठी थांबतो आणि बाकीचे कंटाळतात, किंवा तो पुढं जातो आणि मागच्या रांगा दुपारपर्यंत नुसत्या बघत बसतात.

कार्यशाळेची सगळ्यात मोठी गळती मात्र पहिल्या तासात होते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी इन्स्टॉलेशन. तीस लॅपटॉप एकाच वेळी मोठी फाइल उतरवायला लागले की सभागृहाचं नेटवर्क बसतं. लॅपटॉप संस्थेच्या मालकीचा असेल तर ॲडमिन पासवर्ड दुसऱ्याच विभागाकडे असतो आणि तो विभाग सुट्टीच्या दिवशी बंद. फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरं असली तर काही सॉफ्टवेअर फाइल सापडत नाही म्हणून अडून बसतात. तेव्हा निदान दोन दिवस आधी सगळं बसवून घ्या. नुसतं बसवून थांबू नका. प्रोग्राम उघडा, आवृत्ती तपासा, एक छोटी फाइल उघडून बंद करा. डिस्कवर काही जीबी जागा मोकळी ठेवा. चार्जर विसरू नका. सभागृहातले प्लग नेहमीच भिंतीला लागून असतात आणि खुर्च्या मधोमध.

उशिरा पोचण्याची किंमत इथं सर्वाधिक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीत बनलेल्या फाइलवर उभी असते. पहिला अर्धा तास चुकला तर पुढचे तीन तास हाताशी फाइलच नसते. दोनपैकी एकच दिवस जमणार असेल तर जागा दुसऱ्याला सोडा, किंवा पहिल्याच दिवशी जा. फक्त दुसऱ्या दिवशी जाण्यात काही अर्थ नाही.

पातळी ओळखायची खूण क्रियापदात असते. ‘विषयाची ओळख होईल’, ‘जाणीव निर्माण होईल’ अशी भाषा असेल तर हाती काय लागेल याचा भरवसा नाही. ‘दोन तक्ते एका समान स्तंभावरून जोडता येतील’, ‘गाळलेल्या नोंदी शोधता येतील’ असं लिहिलं असेल तर कोणीतरी बसून विचार केलेला आहे.

व्याख्यान: तासाभराचा व्यवहार, पण सुरुवात चुकवू नका

व्याख्यानाला तयारी कमी लागते, म्हणून ते स्वस्त वाटतं. बहुधा ४५ मिनिटं बोलणं आणि १५ मिनिटं प्रश्न. यातली पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांसाठी असतात: प्रश्न काय आहे, तो महत्त्वाचा का, आधी कोणी काय केलं. मधला भाग त्या शाखेच्या लोकांसाठी, आणि शेवटची दहा मिनिटं कित्येकदा सभागृहातल्या पाच-सहा जणांसाठीच. विषय नवा असणारा माणूस दहा मिनिटं उशिरा आला तर त्याला कळला असता तोच भाग निसटतो. आधीचा तास लांबण्याची शक्यता असेल तर हे लक्षात घेऊनच निवड करा.

ध्वनिचित्रमुद्रण होणार असेल तर प्रत्यक्ष जायलाच हवं का? प्रश्न विचारायचा नसेल तर बहुधा नाही. पण मुद्रणात वक्त्याचा माइक नीट ऐकू येतो, श्रोत्यांचा प्रश्न येत नाही. उत्तर ऐकू येतं आणि ते कशाचं उत्तर आहे हे कळत नाही. प्रश्नोत्तरं गाळून टाकण्याचीही पद्धत आहे. ज्याच्याकडे नेमका प्रश्न आहे त्यानं प्रत्यक्षच जावं. त्यासाठी वीस मिनिटांची तयारी पुरते: वक्त्याचा एखादा अलीकडचा शोधनिबंध काढून सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष एवढंच वाचायचं. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. ‘प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ अशी सुरुवात झाली की अर्धं सभागृह घड्याळाकडे बघतं.

अनेक छोट्या भाषणांचा कार्यक्रम हा वेगळा प्रकार. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धेत तीन मिनिटं आणि एकच स्थिर स्लाइड. ‘पेचाकुचा’त वीस स्लाइड, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढं सरकते. मार्गदर्शक किंवा प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर एका नामवंत वक्त्याच्या तासाभरापेक्षा असं एक सत्र जास्त उपयोगी. तासात आठ-दहा जणांची कामं डोळ्याखालून जातात.

मेळावा: एका शब्दात चार गोष्टी

इथं प्रकाराप्रकारात इतका फरक आहे की ‘मेळाव्याला जाऊ का’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

मदतीचा खुला तास सगळ्यात सोपा. ठरलेल्या वेळी जाणकार बसलेले असतात, तुम्ही अडचण घेऊन जायचं. ‘माझा कोड चालत नाही’ एवढंच घेऊन गेलात तर अर्धा वेळ निदानात जातो. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा, तो येण्याआधी काय केलं त्या पायऱ्या, आणि शंभरेक ओळींचा नमुना डेटा सोबत न्या. त्यातून लोकांची नावं आणि संपर्काचे तपशील आधीच काढून टाका.

वाचनगट किंवा जर्नल क्लब, म्हणजे शोधनिबंध वाचून त्यावर चर्चा करणारा गट, एका बैठकीसाठी निवडू नये. सत्रभर दर आठवड्याला तास-दीड तास काढता येणार असेल तरच त्याचा उपयोग.

हॅकेथॉनबद्दल, म्हणजे गटानं सलग बसून प्रोग्रामिंग करण्याच्या मेळाव्याबद्दल, गैरसमज सर्वाधिक. हा शब्द ‘ओपनबीएसडी’ या संगणक प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या) विकासकांनी १९९९ मध्ये कॅल्गरीत भरवलेल्या बैठकीपासून वापरात आला, आणि तिथं जमलेले लोक आधीपासून एकाच प्रणालीवर काम करणारे होते. आजही ज्याला प्रोग्रामिंग आधीच येतं त्यालाच हॅकेथॉन फळतं. पहिले दोन-तीन तास गट जमवण्यात आणि समस्या आटोक्यात आणण्यात जातात; त्यात कोणी ‘शिकायला आलोय’ म्हणालं की त्याच्याकडे सादरीकरणाच्या स्लाइड येतात. पहिल्यांदाच प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर कार्यशाळाच. हॅकेथॉन निवडलंत तर तयार झालेल्या कामावर हक्क कोणाचा, हे नियमांत आधी वाचा.

विकिपीडियाचा संपादन-मेळावा नवख्यालाही झेपतो, पण खातं घरून उघडून जा. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे बहुधा सभागृहाच्या एकाच इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. आयोजकांनी सूट मागून ठेवली नसेल तर सातवा माणूस अडतो. इंग्रजी विकिपीडियावर थेट नवा लेख प्रकाशित करायला खातं चार दिवस जुनं आणि निदान दहा संपादनं झालेली हवीत, म्हणून खातं आदल्या आठवड्यातच उघडा. आणि आपल्याच विभागावर किंवा मार्गदर्शकावर लेख लिहायला घेऊ नका. हितसंबंधांचा आक्षेप येतो.

कार्यशाळा आणि व्याख्यान एकाच दिवशी आले तर

प्रश्न एकच: कार्यशाळेत शिकलेलं येत्या आठवड्यात वापरायचं आहे का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसनं अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच मोजमाप केलं आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वांत जास्त निघाला. नव्या सॉफ्टवेअरच्या कमांड पहिल्या दिवशी अर्थहीन अक्षरांपेक्षा फार वेगळ्या नसतात म्हणा. डेटा सहा महिन्यांनी हाती येणार असेल तर आत्ता व्याख्यान ऐका आणि कार्यशाळेच्या पुढच्या खेपेला नाव द्या. डेटा टेबलावर पडलेला असेल तर व्याख्यान कितीही मोठ्या माणसाचं असो, कार्यशाळा सोडू नका.

प्रमाणपत्रासाठी जायचं असेल तर ते हजेरीचं आहे की मूल्यमापनाचं, हे आधी विचारा. श्रेयांक मिळतात का याचं उत्तर आयोजकाकडे नसतं, तुमच्या विभागाकडे असतं. ऑनलाइन कार्यशाळेला दुसरा पडदा लागतो. एकाच छोट्या पडद्यावर शिकवणाऱ्याची आणि आपली अशा दोन खिडक्या ठेवल्या की दोन्हींतली अक्षरं वाचता येत नाहीत. दुसरा पडदा नसेल तर प्रक्षेपण फोनवर लावा. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाचा कार्यक्रम असेल तर वेळ कोणत्या प्रमाणवेळेत दिली आहे ते पाहा. युरोप आणि अमेरिका घड्याळं एकाच दिवशी पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस हमखास तासाचा घोळ होतो.

जागा भरल्या असतील तरी प्रतीक्षा यादीत नाव द्या. शुल्क नसलेल्या कार्यक्रमांना नोंदणी केलेले सगळे येत नाहीत, आणि आदल्या संध्याकाळी बोलावणं आलं तर सॉफ्टवेअर आधीच बसवलेलं असावं.

तरीही ठरत नसेल तर आयोजकांना तीन ओळींचं पत्र पाठवा: सहभागी किती आणि मदतनीस किती, आधी काय येत असायला हवं, स्वतःचा डेटा आणता येईल का. उत्तरात आकडे आणि नेमकी नावं आली तर नोंदणी करून टाका. ‘कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे, अवश्य या’ एवढंच आलं तर त्या दिवशीच्या व्याख्यानाची वेळ बघा.