गुरू ऐकायचा रिसीव्हर: पाच महिने वापरून झाल्यावर

दिवाळीनंतर घेतला, आता शिमगाही होऊन गेला. गुहागरला आमच्या वाडीत पोफळींना बांबू बांधून सात-सात मीटरच्या दोन तारांचा अँटेना टांगला आणि 20.1 मेगाहर्ट्झवर कान लावले. सुरुवातीचे कित्येक आठवडे शेजारच्या पंपाची घरघर सोडून काही नाही. परत पाठवायला खोकं शोधलंसुद्धा! पण दोष यंत्राचा नव्हता. गुरू ग्रह आकाशात दिसतोय म्हणजे तो ऐकूही येणार, असं मी धरून बसलो होतो.

1955 साली बर्क आणि फ्रँकलिन या शास्त्रज्ञांना गुरूचे रेडिओ आवाज सापडले. ते वाटेल तेव्हा येत नाहीत, त्यांच्यावर गुरूच्या आयो या उपग्रहाचा हुकूम चालतो, हे 1964 मध्ये बिग या शास्त्रज्ञांनी दाखवलं. आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो, गुरू मात्र दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे गुरूचं चुंबकीय क्षेत्र आयोला मागून गाठून सेकंदाला सुमारे 57 किलोमीटर वेगाने पुढे जातं. सायकलचा डायनामोच की हा! आयोच्या दोन बाजूंमध्ये सुमारे चार लाख व्होल्टचा फरक पडतो आणि लाखो अँपिअरचा प्रवाह क्षेत्ररेषांवरून गुरूच्या ध्रुवांकडे जातो. आयोवरच्या ज्वालामुखींतून सेकंदाला टनभर वायू बाहेर पडतो, त्याचे विद्युतभारित कण प्रवाहाला वाट करून देतात.

या प्रवाहातले इलेक्ट्रॉन गुरूजवळ पोहोचून माघारी वळतात, तेव्हा रेडिओ लहरी निघतात. त्या पसरतात पोकळ शंकूच्या पातळ भिंतीतून. ती भिंत पृथ्वीवरून सरकेल तेवढाच वेळ आपला. म्हणून आयो बरोबर गुरूच्या पुढे असताना सहसा सामसूम असते. तो एका बाजूला, म्हणजे गुरूच्या बरोबर मागच्या जागेपासून मोजून कक्षेत 90 किंवा 240 अंशांच्या आसपास लागतो. शिवाय गुरूचीही ठरावीक बाजू आपल्याकडे हवी. या जागांचं आणि वेळांचं कोष्टक हाती आल्यावर रिसीव्हरचे पैसे वसूल व्हायला लागले.

जानेवारीत, प्रतियुतीच्या (गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो त्या) आठवड्यात, पहाटे दोनला पहिल्यांदा आवाज आला. लाट यावी, ओसरावी, पुन्हा यावी तसा. आजी पडवीत जागीच होती. हेडफोन कानाला लावून म्हणाली, "अरे, समुद्र तर हा फुकट ऐकू येतो!" पस्तीसेक मिनिटांपूर्वी गुरूपाशी निघालेली लाट आहे ही, असं सांगितलं तर म्हणे, "मग झोप आता." दुसरा प्रकार, पत्र्यावर वाळू फेकल्यासारखा तडतडाट, मला पाच महिन्यांत एकदाच मिळाला, तोही मिनिटभर.

आता तक्रारी. खाऱ्या हवेने दोन कनेक्टर हिरवे पडले. विक्रेत्याने नवे दिले, पण महिना लावला. आता सांध्यांना ग्रीस लावून वर रबरी टेप गुंडाळतो. वानरांनी एक तार दोनदा खाली आणली. स्वस्त एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर बंद केल्याशिवाय बसूच नका. शिमग्याच्या रोषणाईत तर आठवडाभर सुट्टीच. संध्याकाळी परदेशी रेडिओ केंद्रं घुसतात, खरी वेळ मध्यरात्रीनंतरची.

पाच महिन्यांत खात्रीने पाच वेळा ऐकला, त्यातल्या चार वेळा आयो जागेवर होता. जूनच्या आत तारा उतरवून माळ्यावर ठेवेन. जुलैअखेर गुरू सूर्यामागे असेल. बांबू मात्र तसेच राहू देतो, आजीने त्यांवर कारल्याचा वेल चढवायचं ठरवलंय.