१९६९च्या शेव्हर्ले कॅमॅरो झेड/२८साठी बीएफगुडरिच रेडियल टी/ए

गाडी चालवायची असेल तर हाच टायर घ्या; प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभी करायची असेल तर घेऊ नका. कारखान्यातून या गाडीला ई७०-१५ मापाचे बायस टायर येत, म्हणजे आतले दोरे तिरपे असलेले जुन्या पद्धतीचे; रेडियलमध्ये ते आडवे, मध्याकडून कडेला जातात. टायरच्या बाजूवरची उठावाची पांढरी अक्षरं शोभतात, पण रेडियलची फुगीर बाजू जाणकाराला लांबूनच कळते. त्याच मापाचे जुन्या साच्यातले टायर आजही नव्याने बनतात, मात्र त्यांच्यावर रस्त्यावरच्या चाकोरीत गाडी इकडेतिकडे ओढली जाते.

१५ बाय ७ इंचाच्या मूळ रॅली चाकावर २१५/६५आर१५ बसवा. व्यास जवळपास २६ इंच, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. २३५/६०आर१५ मागे भरदार दिसतो, पण पुढे घातला तर स्टिअरिंग पूर्ण वळवून तो कुठे घासतो का ते आधी बघा. चाक जुनं म्हणून विकत घेताना व्हॉल्व्हच्या भोकाजवळचे ठसे वाचा: या चाकाचा कोड 'वायएच' हवा, शिवाय तारखेचा ठसा गाडीच्या बांधणीआधीचा हवा.

अलाइनमेंट (चाकांचे कोन) मात्र जुन्या पुस्तकातली ठेवू नका. ती बायस टायरसाठी आहे. रेडियलला कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) पॉझिटिव्ह दोन-तीन अंश लागतो, नाहीतर सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. हवा ३० ते ३२ पीएसआय. अक्षरांवरचा निळा थर साबणपाणी आणि मऊ ब्रशने काढा, पेट्रोलने नाही. पुढे अक्षरं तपकिरी होतात ती रबरातलं संरक्षक रसायन वर आल्यामुळे.

टायरची वेगमर्यादा 'एस', म्हणजे ताशी १८० किमी. ट्रॅकवर नेणाऱ्यांनी दुसरं काही बघावं.