मिनी स्ट्रोकनंतर घरी आणायचं बीपी मशीन: कोणतं घ्यावं, कसं वापरावं आणि कुठे थांबावं

टीआयए, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोड्या वेळापुरता अडून येणारा आणि ओसरणारा झटका, ज्याला सगळे मिनी स्ट्रोक म्हणतात, त्यातून घरी आलेल्या माणसाच्या हातापायांत बहुधा काहीच दोष उरलेला नसतो. वाकडं झालेलं तोंड सरळ झालेलं असतं, अडखळणारी जीभ मोकळी झालेली असते, एमआरआयमध्येही पुष्कळदा काही दिसत नाही. उरते ती धास्ती. ती निराधारही नसते, कारण मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वात जास्त असतो आणि पुढचे ९० दिवस जपावं लागतं. पण दिलासाही तितकाच पक्का आहे. ऑक्सफर्डच्या २००७ सालच्या एक्सप्रेस अभ्यासात टीआयए आणि किरकोळ स्ट्रोकच्या रुग्णांवर तातडीने उपचार सुरू केल्यावर ९० दिवसांतल्या पुढच्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी हे सगळं डॉक्टरांच्या हाती. घरच्यांच्या हाती राहतं ते गोळ्यांची वेळ पाळणं आणि बीपीवर लक्ष ठेवणं. म्हणून डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन दिवसांतच कोणीतरी मेडिकलमधून बीपीचं मशीन घेऊन येतं. दंडावर बांधायचं ऑटोमॅटिक मशीन हे या काळातलं सर्वात उपयोगी घरगुती उपकरण आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र ते ठरल्या वेळी सकाळ-संध्याकाळ वापरलं तर धीर देतं, दिवसभर हाताला बांधून बसलं तर आहे तो धीरही घालवतं.

मनगटावरची मशीन दिसायला सुटसुटीत असतात, पण ती घेऊ नयेत. मनगट हृदयाच्या पातळीपासून दहा सेंटीमीटर खाली राहिलं तरी आकडा सात-आठने वर जातो, आणि घरी रोज ती पातळी कोणी अचूक सांभाळत नाही. बोटाला लावायची उपकरणं आणि स्मार्टवॉचमधलं बीपी तर टीआयए झालेल्या माणसाच्या गोळ्या ठरवण्यासाठी मुळीच वापरू नये.

दंडावरच्या मशीनमध्ये पहिली गोष्ट बघायची ती पट्ट्याचं माप. ब्रँड, स्क्रीन, ब्लूटूथ हे सगळं नंतर. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहूनच दुकानात जा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतो. ओमरॉनसह बऱ्याच कंपन्या २२ ते ४२ सेंटीमीटरचा रुंद पल्ल्याचा पट्टाही देतात. घेर ३१-३२च्या आसपास असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा. पट्टा लहान पडला की बीपी खोटं वाढलेलं दिसतं. २०२३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ज्यांना सर्वात मोठ्या पट्ट्याची गरज होती त्यांना साधा पट्टा बांधला, तर वरचं बीपी सरासरी १९.५ने जास्त आलं. म्हणजे खरं १२८ असलेला माणूस १४७ वाचून रात्रभर जागा. उलट बारीक दंडाच्या आजीला मोठा पट्टा बांधला की आकडा कमी दिसतो आणि घरचे निश्चिंत होतात. ते जास्त वाईट.

मेमरी किमान ३० रीडिंगची हवी. याला हिशेब आहे: सात दिवस, रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन रीडिंग, म्हणजे आठवड्याची २८. काही स्वस्त मॉडेल फक्त शेवटचं रीडिंग लक्षात ठेवतात. ती चालतील, पण मग वही काटेकोर लागते. नवरा-बायको दोघंही मोजणार असतील तर दोन युजरची वेगळी मेमरी असलेलं घ्या, नाहीतर दोघांचे आकडे मिसळतात आणि डॉक्टरांना सरासरी चुकीची जाते. ठोक्यांची अनियमितता दाखवणारं चिन्ह टीआयएनंतर अगदी उपयोगी. अक्षरं मोठी असावीत, बटण एकच असावं. ज्याला टीआयए झाला त्याला स्वतःला, कोणाच्या मदतीशिवाय मशीन चालवता आलं पाहिजे, ही आमच्या दृष्टीने सर्वात मोठी कसोटी. ब्लूटूथ मुलगा पुण्यात आणि आईवडील गावी असतील तर कामाचं, एरवी नाही. बोलून आकडा सांगणारं मशीन नजर अधू असेल तरच घ्यावं, कारण मोठ्याने ऐकू आलेला आकडा घरभर चर्चेचा विषय होतो.

साधारण दीड ते तीन हजारांत चांगलं मशीन मिळतं. घेण्याआधी ते मॉडेल अचूकता तपासलेल्या मशीनच्या स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय यादीत आहे का, हे मोबाइलवर तपासा. खोक्यावर छापलेलं ‘क्लिनिकली टेस्टेड’ पुरेसं नाही. आणल्यावर पहिल्याच भेटीला ते डॉक्टरांकडे न्या. त्याच खुर्चीत, त्याच हातावर, दोन्ही मशीनने आलटून पालटून मोजा. फरक पाचच्या आत असेल तर उत्तम. दहाच्या वर सातत्याने येत असेल तर पट्टा आणि बसण्याची पद्धत तपासा, तरीही फरक राहिला तर मशीन बदला.

आता मोजणं. इथे पुष्कळ घरं चुकतात आणि दोष मशीनला मिळतो. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्यांच्या आधी मोजायचं. संध्याकाळी जेवणाआधी. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, जिना चढउतार नको. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, दोन्ही तळवे जमिनीवर. सतरंजीवर मांडी घालून किंवा पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून घेतलेलं रीडिंग धरू नये. नुसते पाय एकमेकांवर टाकले तरी वरचं बीपी दोन ते आठने वाढतं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीवर. टेबल बुटकं असेल तर कोपराखाली उशी द्या. हात अधांतरी धरला तर दहाने जास्त, बोलत राहिलं तर दहाने, लघवी तुंबलेली असेल तरी दहाच्या आसपास. सून विचारतेय ‘किती आलं हो बाबा’ आणि बाबा उत्तर देतायत, हे पट्टा फुगलेला असताना अजिबात नको.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही किंवा शर्टाची वर गुंडाळलेली बाही दंडाला करकचून आवळते आणि रीडिंग बिघडतं, म्हणून मोजायच्या वेळी बायकांनी सैल बाहीचा गाऊन घालावा आणि पुरुषांनी शर्टाचा हात काढून ठेवावा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून एक-दोन सेंटीमीटर वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने तळहाताकडे. पट्ट्यात एक बोट जाईल इतका सैल, दोन जातील इतका नको. मग पाच मिनिटं शांत बसायचं, टीव्ही आणि फोन बंद. पहिलं रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं. पहिलं बहुतेक वेळा थोडं जास्त येतं. दोन्ही लिहायची, आवडेल ते निवडायचं नाही. १२७ आलं तर १२७च लिहायचं, १३० नाही.

अगदी पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्यावर जास्त येतं तोच हात कायम ठेवा. दोन्ही हातांतला फरक पुन्हापुन्हा १५च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवा, कारण हाताच्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो.

आकड्यांचा अर्थ लावण्याची रीत सोपी आहे, फक्त धीर धरावा लागतो. सात दिवस मोजा, पहिल्या दिवसाची चार रीडिंग सोडून द्या, उरलेल्या २४ची सरासरी काढा. डॉक्टरांना हवी असते ती ही सरासरी. स्ट्रोक किंवा टीआयएनंतर बहुतेक रुग्णांसाठी १३०/८०च्या खाली हे उद्दिष्ट धरतात. मानेतली रक्तवाहिनी खूप अरुंद असेल किंवा वय फार झालं असेल तर डॉक्टर वेगळा आकडा देतील. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. एका सकाळी १४८ आलं आणि आठवड्याची सरासरी १२६ असेल, तर तो १४८ काही बिघडल्याची खूण नव्हे. त्याचप्रमाणे एक दिवस ११६ आलं म्हणून गोळी गाळायची नाही. ‘आज बीपी छान आहे, मग गोळी कशाला’ हे घातक आहे, कारण छान आहे ते गोळीमुळेच.

सरासरी चढलेली दिसली तर आठवड्यात काय वेगळं झालं ते बघा. गुडघेदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, लोणचं-पापड-फरसाण ही नेहमीची कारणं. खोकल्यासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधही बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनी नसतं.

पहिल्या आठवड्यांनंतर औषध बसलं, सरासरी उद्दिष्टात आली की रोजचं मोजणं थांबवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एक-दोन दिवस, आणि पुढच्या भेटीच्या आधी पुन्हा सलग सात दिवस. दोन वेळांच्या मधल्या काळात मशीन कपाटात ठेवा. टीव्हीशेजारी किंवा उशाशी नको. डोकं जड वाटलं, मोजलं, १४२ आलं, छातीत धडधड झाली, पुन्हा मोजलं, १५१. भीतीने बीपी वाढतं आणि वाढलेला आकडा भीती वाढवतो. या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला ‘काळजी करू नको’ सांगून काही होत नाही. मोजण्याची वेळ ठरवून देणं आणि वही त्याच्याच हाती ठेवणं, याने होतं. घरच्यांनी दर संध्याकाळी आकडा विचारण्यापेक्षा रविवारी एकदा सरासरी बघावी. एवढ्याने भीती हटत नसेल, झोप उडाली असेल, एकट्याने बाहेर पडणं बंद झालं असेल, तर डॉक्टरांना सांगा. टेली मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. टीआयएनंतर थकवा आणि घाबरेपणा येणं नेहमीचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

भीतीचं आणखी एक मोठं कारण म्हणजे उठताना येणारी भोवंड. प्रत्येक भोवंडीला ‘पुन्हा झटका’ वाटतो. इथे मशीन खरोखर कामाला येतं. बसून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. शेजारी कोणीतरी असू द्या. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा खालचं १०ने उतरत असेल तर भोवंडीचं कारण बहुधा तेच, आणि गोळीचा डोस किंवा वेळ बदलून ते सुधारता येतं. तो बदल डॉक्टरांनी करायचा. तोवर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उठायचं. कारण कळलं की माणूस पुन्हा एकटा बाजारात जायला लागतो, याचं मोल मोठं आहे.

अनियमित ठोक्यांचं चिन्ह एकदा दिसलं तर हललात का, बोललात का ते बघा आणि पुन्हा मोजा. वारंवार दिसलं तर वाट बघू नका, ईसीजी काढा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, निघालं तर उपचाराची दिशाच बदलते. त्यात अ‍ॅस्पिरिन पुरत नाही, रक्त न गोठू देणारी वेगळी औषधं लागतात. ठोके अनियमित असताना मशीनचा आकडाही मागेपुढे होतो, म्हणून तेव्हा दोनऐवजी तीन रीडिंग घ्यावीत.

या उपकरणाची मर्यादा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक नीट न दिसणं किंवा तोल जाणं, यातलं काहीही झालं तर मशीन शोधू नका. १०८ लावा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. अशा वेळी १२५/८० आलं म्हणून स्ट्रोक नाही असं होत नाही. पाणी पाजू नका. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून घालण्याची जुनी सवय तर पूर्ण सोडा, बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो. लक्षणं पाच मिनिटांत गेली तरी दवाखान्यात जायचंच. लक्षण काहीच नाही, पण १८०/१२०च्या वर आलं, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

देखभाल फार नाही. चार एए अल्कलाइन सेल लागतात, अ‍ॅडॉप्टर बहुधा वेगळा घ्यावा लागतो. गावी जाताना किंवा महिनाभर वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा, गळले की आतले पत्रे गंजतात. नळी मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, जोडाशी चीर पडते आणि हवा गळायला लागते. पट्टा मध्येच पुन्हा फुगतोय किंवा एरर येतेय तर आधी हात हलला का आणि नळी दबली का ते बघा. वेल्क्रो सुटायला लागलं की त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा पट्टा घ्या, दुसऱ्या कंपनीचा जोडला तर आकड्यांचा भरवसा राहत नाही. दोन वर्षांनी एकदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्यावं. बिल आणि वॉरंटी कार्ड बीपीच्या वहीच्याच मागच्या खिशात ठेवा.